वाचकांचे प्रश्न: स्कॅनरचं कार्ड आणि नाकापेक्षा जड मोती

या वेळी जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, रेडिओ स्कॅनरमधलं (म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत कुठे बोलणं चाललंय ते ऐकवणाऱ्या यंत्रातलं) मेमरी कार्ड बदलायचंय आणि मध्येच कुठेतरी अडकलंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी, आज फक्त कार्ड.

प्रश्न: माझ्याकडे हातात धरायचा डिजिटल स्कॅनर आहे, त्यासोबत ४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आलं होतं. रेकॉर्डिंग करून करून ते भरत आलं म्हणून मी सरळ ६४ जीबीचं घेतलं, जुन्यातलं सगळं कॉपी करून नव्यात टाकलं आणि स्कॅनर चालू केला तर म्हणतो कार्डच नाही. तेच कार्ड कॉम्प्युटरला लावलं की सगळ्या फाइल दिसतात, मोबाइललाही चालतं. मग बिघडलंय काय, स्कॅनर का कार्ड?

उत्तर: दोन्ही ठणठणीत आहेत, फक्त एकमेकांची भाषा कळत नाहीये. ही कार्डं बाहेरून सारखीच दिसतात, एकाच खाचेत बसतात, पण आतून वेगवेगळ्या पिढ्या आहेत, आपल्या कामाच्या तीन. पहिली साधी एसडी, २ जीबीपर्यंत. मग २००६ मध्ये एसडीएचसी आली, ती २ च्या पुढे ३२ जीबीपर्यंत. आणि २००९ मध्ये एसडीएक्ससी जाहीर झाली, ३२ च्या पुढे थेट २ टीबीपर्यंत. प्रत्येक पिढीची फाइल सिस्टिम, म्हणजे कार्डावर फाइल मांडायची पद्धत, ठरलेली आहे, एसडीला फॅट१६, एसडीएचसीला फॅट३२ आणि एसडीएक्ससीला एक्सफॅट. तुमचं ६४ चं कार्ड पाकिटातून निघालं तेच एक्सफॅट होऊन. कॉम्प्युटर आणि मोबाइलला एक्सफॅट येतं, तुमच्या स्कॅनरच्या फर्मवेअरला (आतल्या कायमच्या प्रोग्रामला) फक्त फॅट३२ येतं, त्यामुळे कार्ड समोर असूनही त्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही. आणि बऱ्याच स्कॅनरमध्ये या सगळ्या भानगडींसाठी मेसेज एकच, कार्ड नाही. कार्ड आहे पण वाचता येत नाही असं म्हणाला असता तर तुमची आणि माझी अर्धी डोकेदुखी वाचली असती.

आता कोणीतरी तुम्हाला सांगणारच की ६४ चं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, चालतं. आणि ते खोटं नाहीये. अगदी जुन्या एसडी कार्डात पत्ता एकेका बाइटचा असायचा, एसडीएचसीपासून पत्ता ५१२ बाइटच्या ब्लॉकचा झाला, आणि एसडीएक्ससीतही तोच आहे, म्हणून एसडीएचसीवाल्या यंत्राला बऱ्याचदा मोठं कार्डही वाचता येतं, फक्त फाइल सिस्टिम ओळखीची हवी. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही, पण ती मर्यादा त्या खिडकीची आहे, फॅट३२ ची नाही, दुसऱ्या टूलने होतं. मी स्वतः एकदा केलंय आणि काही आठवडे मस्त चाललं. मग एके दिवशी फर्मवेअर अपडेट करताना स्कॅनरने कार्ड वाचायलाच नकार दिला आणि परत सगळं पहिल्यापासून. कंपनीने ज्या साइजपर्यंत तपासून बघितलंय ती मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, बहुतेक कार्डवाल्या स्कॅनरना ३२ जीबी, जुन्यांना त्याहून कमी. तेवढंच घ्या. ४ वरून ३२ म्हणजे आठपट जागा झाली, अजून किती हवी? नाकापेक्षा मोती जड कशाला.

ते ६४ चं मोबाइलमध्ये टाका, वाया जाणार नाही.

(जाता जाता, स्कॅनर बनवणाऱ्यांनी एक्सफॅट का टाकलं नाही असं बरेच जण चिडून विचारतात. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टचं, आणि यंत्रात वापरायचं तर त्याचं लायसन्स घ्यावं लागायचं. मायक्रोसॉफ्टने त्याचं स्पेसिफिकेशन २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, तोवर यातले कितीतरी स्कॅनर बाजारात येऊन जुनेसुद्धा झाले होते.)

प्रश्न: ३२ जीबीचं घेतलं पण कॉम्प्युटर २९.८ च दाखवतो. फसवलं का मला?

उत्तर: नाही. कार्डवाले हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, ३२ अब्ज बाइटचे विंडोजच्या हिशेबाने २९.८ च होतात. २९ च्या आसपास आकडा असला की शांत झोपा. फसवणूक वेगळी असते, ती खाली येतेय.

प्रश्न: जुन्या कार्डावरून नव्यावर सगळं नेमकं कसं न्यायचं? मी स्कॅनर यूएसबीने जोडून कॉपी केलं तर दोन तास लागले आणि शेवटी काहीतरी एरर आली. आता फेव्हरेट लिस्ट (आपण निवडलेल्या चॅनेलच्या याद्या) दिसतात पण आतले चॅनेल रिकामे.

उत्तर: स्कॅनरमधून कॉपी करायचं नाही, पहिली गोष्ट ही. त्याची यूएसबी लिस्ट चढवायला आणि अपडेट करायला ठीक आहे, काही जीबी ओढायला तिचा जीव नाही, आणि मध्येच बॅटरी उतरली किंवा केबल हलली की झालं. साधा कार्ड रीडर घ्या, कार्ड स्कॅनरमधून बाहेर काढा.

मग आधी जुन्या कार्डाची पूर्ण प्रत कॉम्प्युटरवर. पूर्ण म्हणजे पूर्ण, लपवलेल्या फाइल दिसतील अशी सेटिंग करून, वरच्या फोल्डरपासून सगळं. लोक काय करतात, रेकॉर्डिंगचं फोल्डर आणि फेव्हरेटचं फोल्डर उचलतात आणि बाकी बारक्या बारक्या फाइल कशाला म्हणून सोडून देतात, आणि नेमक्या त्याच बारक्या फाइलमध्ये स्कॅनरचं मॉडेल, सेटिंग, कुठली लिस्ट कुठल्या फाइलशी जोडलीय हे असतं. तुमच्या रिकाम्या चॅनेलचं कारण बहुतेक हेच किंवा ती शेवटची एरर, नाव असलेली फाइल आली आणि मजकूर असलेली राहिली. जुनं कार्ड पुसलं नसेल तर घाबरायचं कारण नाही, पुन्हा पहिल्यापासून करा. पुसलं असेल तर मात्र कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये लिस्टची जुनी प्रत आहे का बघा, तिथून परत चढवता येते.

नवीन कार्ड फॉरमॅट करायला एसडी असोसिएशनचा स्वतःचा फॉरमॅटर फुकट मिळतो, मी तोच वापरतो, कारण कार्डाच्या आतल्या ब्लॉकच्या रचनेला धरून तो फॉरमॅट करतो. जुन्या कार्डाला जे लेबल म्हणजे ड्राइव्हचं नाव होतं तेच नव्याला द्या, काही सॉफ्टवेअर त्या नावावरून स्कॅनर ओळखतात आणि नाव वेगळं असलं की स्कॅनर जोडलेलाच नाही म्हणून बसतात. मग कॉम्प्युटरवरून सगळं नव्यावर टाका, नीट इजेक्ट करा, स्कॅनर बंद असताना कार्ड घाला.

दुसरा रस्ता, आणि खरं सांगायचं तर मला हाच जास्त आवडतो, तो म्हणजे कॉपीच करायची नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या कार्डावर सगळं नव्याने मांडायची सोय असेल तर ती वापरा आणि मग आपल्या लिस्ट चढवा. जुन्या कार्डावर काही खराब फाइल असतील तर त्या नव्या घरात सामानासोबत येत नाहीत. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवरच राहू द्या, परत कार्डावर कशाला न्यायची?

जुनं कार्ड मात्र महिनाभर तरी पुसू नका. डबीत ठेवा, वर तारीख लिहा.

प्रश्न: नवीन कोरं कार्ड टाकलं तर स्कॅनरला काहीच ऐकू येत नाही. माझ्या जुन्या स्कॅनरमध्ये तर कार्डच नव्हतं, तरी चालायचा.

उत्तर: कारण जुन्याची आठवण त्याच्या पोटात होती. उदाहरणार्थ युनिडेनचा बीसी१२५एटी, त्यात ५०० चॅनेल, १० बँक (चॅनेलचे गट), सगळं आतल्या चिपमध्ये, कार्ड नाही. पण बीसीडी४३६एचपी, एसडीएस१०० यांच्यासारख्यांत अमेरिका-कॅनडाचा अख्खा फ्रिक्वेन्सी डेटाबेस कार्डावर असतो, तुमच्या लिस्ट कार्डावर, रेकॉर्डिंगही कार्डावर. अशा स्कॅनरला कोरं कार्ड देणं म्हणजे कोरी वही देऊन पाढे म्हण सांगणं. आधी सॉफ्टवेअरने कार्ड मांडून घ्या.

प्रश्न: क्लास १०, यू३, ए२ असं सगळं लिहिलेलं महागातलं कार्ड टाकलं तर स्कॅनिंग फास्ट होईल का?

उत्तर: नाही.

बरं, थोडं सांगतो. सेकंदाला किती चॅनेल बघून होतात हे ट्यूनर एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर जाऊन किती पटकन स्थिरावतो, ट्रंकिंग (बरेच गट मिळून थोडे चॅनेल वाटून वापरतात ती पद्धत) असेल तर कोण कुठल्या चॅनेलवर आहे ते सांगणारा कंट्रोल चॅनेल वाचायला किती वेळ जातो आणि तुम्ही डिले (बोलणं संपल्यावर पुढे जाण्याआधी थांबायचा वेळ) किती लावलाय यावर ठरतं. कार्डावरून वाचायचं ते त्यामानाने अगदी किरकोळ. आणि लिहायचं म्हणाल तर आवाज ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असा वेव्ह फाइलमध्ये साठवला तर सेकंदाला फक्त १६ केबी होतात. क्लास ४ चं जुनाट कार्डसुद्धा सेकंदाला किमान ४ एमबी लिहितं, म्हणजे गरजेच्या २५० पट. ए१, ए२ हे मोबाइलमधली ॲप कार्डावरून चालवायला, यू३ आणि व्ही३० हे व्हिडिओ शूट करायला. पैसे जास्त घालायचेच असतील तर हाय एंड्युरन्स लिहिलेलं कार्ड घ्या, ते रात्रंदिवस रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी बनवतात, पुन्हा पुन्हा लिहिणं त्याला जास्त सोसतं, आणि स्कॅनरचं काम तसंच आहे.

प्रश्न: माझं उलटंच झालंय. आधी स्कॅनर २० सेकंदांत चालू व्हायचा, ३२ जीबीचं कार्ड टाकल्यापासून सुरुवातीला ठीक होता, आता दीडदोन मिनिटं नुसता फिरतो. कार्ड अजून पाऊणही भरलेलं नाही.

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला कारण इथे जागा किती उरलीय याचा संबंधच नाही, फाइल किती आहेत त्याचा आहे.

स्कॅनर अख्ख्या रात्रीची एक फाइल करत नाही. कोणी बोललं की स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं फाटक) उघडतो, फाइल सुरू, बोलणं संपलं की फाइल बंद. तीन सेकंदांचं बोलणं म्हणजे ४८ केबीची एक फाइल. गजबजलेल्या चॅनेलवर एका दिवसात अशा हजारो होतात आणि त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये गेल्या तर फॅट३२ चा जीव जातो, कारण त्याचं फोल्डर म्हणजे एक साधी लांबच लांब यादी, कुठलीही फाइल शोधायची तर पहिल्या ओळीपासून वाचत यायचं. एका फोल्डरमध्ये साधारण ६५ हजार नोंदींच्या वर जाताही येत नाही आणि लांब नाव असलेली एक फाइल दोनतीन नोंदी खाते, म्हणजे २० हजार फाइलमध्येच फोल्डर भरू शकतं आणि कार्डावर जागा असूनही स्कॅनर म्हणेल कार्ड फुल. कॉम्प्युटरला ही यादी वाचायला काही वाटत नाही, स्कॅनरमधल्या छोट्याशा प्रोसेसरला वाटतं.

उपाय एकच, रेकॉर्डिंग दर आठवड्याला कॉम्प्युटरवर हलवा आणि कार्डावरचं फोल्डर रिकामं करा. हलवलं की बघा, २० सेकंदांवर परत येईल.

आणि त्याने फरक पडला नाही तर फॉरमॅट करताना क्लस्टरची (कार्डावरची जागा ज्या सारख्या मापाच्या डब्यांत वाटलेली असते त्या डब्याची) साइज काय निवडली होती ते बघा. काही जण जागा वाचते म्हणून ४ केबी ठेवतात. ३२ जीबीच्या कार्डावर ३२ केबीचे क्लस्टर असतील तर कुठला डबा कुठल्या फाइलचा हे लिहिलेली नोंदवही होते साधारण ४ एमबीची, ४ केबीचे केले तर तीच ३१ एमबीची. किती जागा उरली हे मोजायला एखादं यंत्र ती वही पहिल्या पानापासून चाळत असेल तर चालू होताना तेवढा वेळ जाणारच. एसडी असोसिएशनचा फॉरमॅटर या साइजला ३२ केबीच ठेवतो, त्याला हात लावू नका.

प्रश्न: मग ३२ जीबीत एकूण किती तास मावतात?

उत्तर: वर आलेल्या सेकंदाला १६ केबीच्या हिशेबाने तासाला ५७.६ एमबी, म्हणजे ३२ जीबीत साधारण ५५५ तास आणि ४ जीबीत ६९. आणि हे तास बोलण्याचे आहेत, शांततेचं रेकॉर्डिंग होत नाही. क्लस्टरमुळे थोडी जागा वाया जाते, ४८ केबीची फाइल ३२ केबीच्या दोन डब्यांत बसते म्हणजे ६४ अडतात, तेवढं वजा करा. तुमच्या मॉडेलचा रेकॉर्डिंगचा फॉरमॅट वेगळा असेल तर एक मिनिटाची फाइल किती केबीची आहे ते बघून त्यावरून काढा.

प्रश्न: स्वस्तात मोठं कार्ड मिळालं. पहिले काही दिवस छान चाललं, आता नवीन रेकॉर्डिंगची फाइल दिसते पण वाजत नाही, आणि काही फेव्हरेट लिस्टही गेल्या. स्कॅनर दुरुस्तीला टाकू का?

उत्तर: थांबा, स्कॅनरला हात लावू नका. ही लक्षणं खोट्या कार्डाची आहेत. आत चिप असते समजा ८ जीबीची, आणि कंट्रोलरला (कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपला) शिकवून ठेवलेलं असतं की कोणी विचारलं तर ३२ सांग. ८ भरेपर्यंत सगळं खरं, त्यापुढे लिहिलेलं एकतर हवेत जातं किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं, म्हणून फाइलचं नाव दिसतं आणि आत काही नसतं. फॉरमॅट करून हे उघडं पडत नाही, कॉम्प्युटरही तोच खोटा आकडा दाखवतो.

तपासायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ नावाचं फुकट टूल आहे. ते अख्खं कार्ड भरून लिहितात आणि मग परत वाचून जुळतंय का बघतात. वेळ लागतो, ३२ जीबीला सहज तासभर, पण मी आता कुठलंही नवीन कार्ड या परीक्षेत बसवल्याशिवाय स्कॅनरमध्ये घालत नाही, ओळखीच्या ब्रँडचंसुद्धा नाही, कारण नक्कल ओळखीच्याच ब्रँडची करतात. कार्डावर आधीचं काही असेल तर टेस्टच्या आधी काढून ठेवा. आणि एखादं कार्ड खोटं निघालं तर आहे त्या खऱ्या जागेपुरतं वापरू वगैरे करू नका, फेकून द्या.

प्रश्न: अजब प्रकार आहे. कार्ड फॉरमॅट केलं, झालं म्हणून मेसेज आला, काढून परत लावलं तर जुन्या सगळ्या फाइल जशाच्या तशा. तीनदा केलं. भूत आहे का?

उत्तर: भूत नाही, कार्ड वारलंय.

फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात ठराविक वेळाच लिहिता येतं. कंट्रोलर सगळीकडे समान झीज होईल असं बघतो, पण एक दिवस येतोच, आणि त्या दिवशी बरीच कार्डं स्वतःला कुलूप लावून घेतात, वाचा पण लिहू नका. कॉम्प्युटरने फॉरमॅट केल्याचं स्वतःच्या डोक्यात धरलेलं असतं म्हणून तो झालं म्हणतो, कार्डावर काही उतरलेलंच नसतं. त्यातल्या त्यात बरं हे की वाचता येतंय, म्हणजे हवं ते आत्ताच्या आत्ता काढून घ्या. फक्त त्याआधी एक बघा, कार्ड ॲडॉप्टरमध्ये घालून लावत असाल तर ॲडॉप्टरच्या कडेचं लॉकचं बटण खाली सरकलेलं नाही ना. त्या बटणापायी मी एक चांगलं कार्ड कचऱ्यात टाकलंय आणि दुसऱ्या दिवशी शोधायला गेलोय.

प्रश्न: कार्ड सारखं करप्ट होतं. महिन्यातून एकदा तरी. कार्ड दोनदा बदललं, टेस्टही केली, खरी आहेत.

उत्तर: मग सवय तपासा. स्कॅनर बंद कसा करता? बटण दाबून, का सरळ ॲडॉप्टरची पिन ओढून? रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धी राहतेच, पण त्याच क्षणी नोंदवही लिहिली जात असेल तर बाकीच्या फाइलही जातात. बॅटरी पार मरेपर्यंत वापरणाऱ्यांचंही हेच होतं. आधी रेकॉर्डिंग थांबवा, बटणाने बंद करा, डिस्प्ले विझल्यावर दोनचार सेकंद थांबा, मग पिन किंवा बॅटरी. करप्ट झालेलं कार्ड कॉम्प्युटरला लावून विंडोजचं चेकडिस्क चालवलं तर काही वेळा फाइल परत येतात, पण त्याने त्या सीएचके नावाच्या तुकड्यांत काढून ठेवल्या असतील तर फार आशा धरू नका. त्याच्याआधी कार्डाची प्रत काढून ठेवलेली बरी.

आणि कार्ड वारंवार काढू-घालू नका. ती स्प्रिंगची खाच नाजूक असते. एकदा घाईत माझं कार्ड खाचेत न जाता खाचेच्या वरच्या फटीतून थेट स्कॅनरच्या पोटात गेलं, हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजायचं, शेवटी सहा स्क्रू काढावे लागले. तेव्हापासून चांगल्या उजेडात आणि चष्मा लावून.

प्रश्न: मोठं कार्ड टाकलं तर एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय न उलगडणारे) चॅनेल ऐकू येतील का? एकाने तसं सांगितलं.

उत्तर: त्या एकाला सांगा, कपाट मोठं केलं म्हणून दुसऱ्याच्या तिजोरीची किल्ली मिळत नाही. कार्डाचा आणि एन्क्रिप्शनचा काडीचाही संबंध नाही, आणि स्कॅनरमध्ये ते उघडायची सोयच नसते. काय ऐकायला आणि रेकॉर्ड करायला परवानगी आहे हे देशोदेशी वेगळं असतं, ते आपल्या ठिकाणचं आधी बघून घ्या.

प्रश्न: ३२ चं कार्ड, फॅट३२, खरं, नवीन, सगळं तुम्ही आधी सांगितलं तसं केलं. तरी स्कॅनर दोन दिवस नीट चालतो आणि मग कार्ड नाही म्हणतो. बंद करून चालू केला की परत ठीक.

उत्तर: जुनं कार्ड दोन दिवस घालून बघा. त्याच्यावरही असंच झालं तर दोष कार्डाचा नाही, खाचेतल्या धातूच्या पट्ट्यांचा आहे, त्या मळल्यात किंवा वाकल्यात. कार्डाचे सोनेरी पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, वाळू द्या, खाचेत टोकदार काही घालू नका. जुन्यावर नीट चाललं तर नवीन कार्ड दुसऱ्या ब्रँडचं घेऊन बघा, काही यंत्रांचं काही कार्डांशी जमत नाही, का ते बाहेरून कळायला मार्ग नाही. आणि बघताना फर्मवेअर अपडेट, नवीन बॅटरी, नवीन केबल असं सगळं एकदम बदलू नका, एका वेळी एकच बदला. दोन दिवसांनी काय झालं ते कळवा, पुढच्या वेळी इथून पुढे बघू.